चौदा नंबरची बिनआवाजी बस

तीर्थस्वरूप ओलेनाताई,

बर्फाने अर्ध्या झाकलेल्या खिडकीपाशी बसून तुझा धाकटा भाऊ तुला वाकून नमस्कार करतो आहे. तिकडे समुद्राकाठी पोचेपर्यंत तो नमस्कार थोडा तरी वितळेल अशी आशा आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? बोहदान दाजी कानाचं यंत्र कानात घालू लागले, की अजून ते खिशातच ठेवून सगळ्यांना हो हो म्हणतात? (त्यांनाही नमस्कार सांग, पण मोठ्याने.) तुमच्या व्हिक्टोरियात फेब्रुवारीतच फुलं येतात हे मला ठाऊक आहे, त्याचे फोटो पाठवत जाऊ नकोस. आम्ही इकडे मॅनिटोबात उणे तीसमध्ये बसून ते पाहतो आणि मग दिवसभर कुणाशी नीट बोलत नाही. माझी तब्येत बरी आहे. मिशी सकाळी गोठते, दुपारी सुटते. बाकी तक्रार नाही.

आता बातमी. मी महापालिकेच्या समितीवर आहे. हसून झालं की पुढे वाच. त्याचं असं झालं, की आपल्या चौदा नंबरच्या बसचे ब्रेक लायब्ररीपाशी रोज किंचाळतात. नुसते किंचाळले असते तर मी काही म्हटलं नसतं, पण ते काळी चारच्या जराशा खाली किंचाळतात. जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावलेल्या माणसाला हे रोज कसं सहन व्हावं? शेवटी मी बसच्या कार्यालयात फोन केला आणि तिथल्या मुलीला सांगितलं, बाई, एक तर हा सूर वर चढवा नाही तर खाली उतरवा, असा अधांतरी ठेवू नका. मग तिने विचारलं, "तुम्हाला गाड्यांमधलं कळतं का?" मी म्हटलं, आवाजातलं कळतं. तिने त्याचं काय लिहून घेतलं देव जाणे, पण काही दिवसांनी मला बोलावणं आलं, की शहर आता डिझेलच्या बसगाड्या बंद करणार आहे, त्यांच्या जागी कोणत्या घ्याव्यात हे ठरवणाऱ्या समितीत जाणकार नागरिक म्हणून या.

समितीत आम्ही चौघं. अध्यक्ष बेव्हर्ली स्ट्रॉमक्विस्ट, महापालिकेच्या, कायम काखेत शहराचा नकाशा. दुसरे विद्यापीठातले डॉक्टर लावाले, इतके सौम्य, की डिझेलबद्दलही वाईट बोलताना आधी त्याची माफी मागतील. त्यांचं म्हणणं एवढंच, की गाडीच्या मागून काय बाहेर पडतं तेवढंच पाहू नका, पोटात जे गेलं ते कुठून आलं तेही विचारा. तिसरा क्लिफ ऑस्ट्रँडर. (हो, तोच, तुझ्या वर्गातल्या ग्रेसचा भाऊ, तुझ्या टोपीत बेडूक ठेवणारा. आता ट्रॅक्टर विकतो.) क्लिफला डिझेल सोडून काहीच नको होतं, आणि विरोधी पक्षही हवा म्हणून त्याला घेतलं होतं. चौथा मी. मला काय हवं होतं ते मलाच नीट माहीत नव्हतं.

पहिल्याच बैठकीत बेव्हर्लीबाईंनी नकाशा पसरला आणि सांगितलं, की बॅटरीवरची बस बहुधा सोयीची पडेल, पण आपल्या थंडीत ती फार लांब जात नाही, तेव्हा काही मार्ग तोकडे करावे लागतील. आणि त्यांनी चौदा नंबरच्या शेपटावर, रेल्वेच्या पुलापलीकडच्या भागावर, सहज तळहात ठेवला. लहान मुलाचे डोळे झाकावेत तसा. त्या हाताखाली रेड विलोचं वळण होतं. तू म्हणशील, तिथे आहे काय? चार घरं, वाळकी झुडपं आणि गोठलेली नदी. खरं आहे. पण मला गाडी चालवता येत नाही, आणि त्या चारांतलं एक घर ऑगस्टाबाई थॉरवाल्डसन यांचं आहे, आणि त्यांच्याकडे पियानो आहे.

या पियानोबद्दल थोडं सांगायला हवं. (हे धंद्याचं बोलणं आहे, दुसरा काही अर्थ काढू नकोस.) साधारण घरातला पियानो वर्षातून दोनदा लावला की पुरतो. ऑगस्टाबाईंचा दर महिन्याला उतरतो. मी यावर बराच विचार केला आहे. हिवाळ्यात घरातली हवा कोरडी होते, लाकूड आकसतं, हे तर आहेच; त्यात घर नदीजवळ; त्यात त्या बाई आइसलँडी, सतत कॉफी उकळत ठेवतात, त्याची वाफ. काही लाकडांचा स्वभावच हळवा असतो. तेव्हा दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मी चौदा नंबरने शेवटपर्यंत जातो, तारा ताणतो, मग त्या कॉफी देतात आणि सुक्या आलुबुखाऱ्याच्या थरांचा त्यांचा तो केक कापतात. यजमान तळ्यावरचे कोळी होते, जाऊन बरीच वर्षं झाली. बाई फारशा बोलत नाहीत, मीही नाही. दोन्हीकडून अहो-जाहो. कामापुरता संबंध.

तर बस. आधी तारांवरच्या बसचा विषय निघाला. तुला आठवतात ना, आपल्या लहानपणीच्या, डोक्यावर दोन काठ्या लावून तारांना धरून चालणाऱ्या? वळणावर काठी निसटली की बर्फात निळी ठिणगी पडायची आणि क्षणभर सगळी गल्ली पाण्याखाली असल्यासारखी दिसायची. तू मला सांगितलं होतंस, की तो विजेचा डोळा असतो आणि तो खोटं बोलणाऱ्या मुलांकडे बघतो. मी बैठकीत हे बोलून गेलो. मग बेव्हर्लीबाई म्हणाल्या, सुंदर होतं, पण अख्ख्या शहरावर पुन्हा तारा ओढणं आपल्याला झेपणार नाही. तो विषय तिथेच विझला.

मग चाचणीसाठी हायड्रोजनची बस आली. ही धुराऐवजी वाफ सोडते, नुसतं पाणी. आता आपल्या थंडीत वाफ सोडली तर काय होईल? बस थांबली की मागून एक पांढराशुभ्र ढग सावकाश येऊन तिला कुशीत घ्यायचा, आणि उतरणारी माणसं थेट ढगात उतरायची. पाय नाहीत, रस्ता नाही, नुसती टोप्या घातलेली डोकी तरंगताहेत. चर्चपाशी म्हाताऱ्या पान्कोबाई उतरल्या, चोहीकडे पाहिलं, शांतपणे क्रूसाची खूण केली आणि म्हणाल्या, "इतक्यात?" त्यांना पलीकडच्या फुटपाथवर नेऊन, तुम्ही अजून आमच्यातच आहात हे पटवून द्यावं लागलं. (त्या थोड्या हिरमुसल्या, असं मला वाटलं.) डॉक्टर लावाले इतके हरखले, की त्यांनी पत्र्याचा पेला बसच्या वाफ सोडणाऱ्या नळीखाली धरला आणि जमलेलं पाणी सगळ्यांसमोर प्यायले. उणे तीसमध्ये पत्र्याचा पेला! तो ओठाला चिकटला. क्लिफने थर्मासातली कॉफी ओतून त्यांना सोडवलं, आणि पेला सुटायच्या आतच ते म्हणाले, निदान आम्हाला तसं ऐकू आलं, की पाणी उत्तम आहे. पण दुपारी त्यांनीच विचारलं, हा हायड्रोजन येतो कुठून? तर तो दूरच्या प्रांतात जमिनीतल्या गॅसपासून बनवतात आणि डिझेलच्या ट्रकमधून इथवर आणतात. डॉक्टरांचा चेहरा पडला. म्हणाले, "म्हणजे धूर आपण दुसऱ्याच्या गावात ठेवून आलो." आपल्याकडे वीज उत्तरेच्या नद्यांतून येते, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला? क्लिफ मात्र त्या ट्रकच्या चालकाशी हात मिळवून आला.

आणि मग बॅटरीची बस आली. ताई, कसं सांगू? ती सुरू झाली हेच आम्हाला कळलं नाही. खिडकीबाहेर लायब्ररी हलली, तेव्हा मला वाटलं लायब्ररी निघाली. इंजिनाची घरघर नाही, काचांची थरथर नाही. चाकाखाली बर्फ चुरत होता तो ऐकू येत होता. कुणीतरी गोळीचा कागद सोडत होतं. मागे एक बाई स्वतःशीच गुणगुणत होती, आणि तिचा सूर, तू विश्वास ठेवणार नाहीस, अगदी जागेवर होता. इतकी वर्षं मी या शहरातले पियानो एक एक करून लावत आलो, आणि आज कुणीतरी अख्खं शहरच सुरात लावून समोर ठेवलं होतं. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी टोपी खाली ओढली.

रडू आलं नाही, झोप आली. मलाच नाही, सगळ्यांना. आधी क्लिफ गेला. या खेळण्याचं नाव काढू नका, असं म्हणता म्हणता तोंड उघडं टाकून गेला. मग डॉक्टर. बेव्हर्लीबाई नकाशावर गाल ठेवून. बाजारहाट करून निघालेली माणसं एकमेकांच्या खांद्यांवर. ज्यांना उतरायचं होतं तेही उतरले नाहीत. आमची चालक रोझली फ्लेट, अतिशय बोलकी मुलगी, तीही बोलायची थांबली, आणि सगळे झोपलेले पाहून तिने हीटर वाढवला. मला स्वप्न पडलं. गोठलेल्या नदीवर मी आजवर लावलेले सगळे पियानो ओळीने उभे आहेत, बस त्यांच्यामधून वाहत चालली आहे, वाजवत कुणीच नाही, पण पियानोंची झाकणं श्वास घेतल्यासारखी हळूहळू वरखाली होताहेत. आणि आपली आई, पिठाच्या हातांनी, तिकिटं तपासते आहे. माझ्याकडे तिकीट नव्हतं. ती म्हणाली, बस रे, तुला कुठे जायचंय ते मला माहीत आहे.

जाग आली ती रोझलीच्या हाकेने. "उठा हो सगळे! बाई मरायला टेकली!" सगळ्या बायकांनी दचकून एकमेकींकडे पाहिलं. बाई म्हणजे बस. आम्ही पूल ओलांडून केव्हाच पुढे आलो होतो, आणि हीटरने बॅटरी जवळजवळ संपवली होती. रोझली म्हणाली, "लेकरं झोपलीयत, म्हटलं थंडी नको वाजायला. मला काय माहीत, ही चाकांपेक्षा शेगडीसाठीच जास्त खाते!" क्लिफ जागा होताच आनंदला, आपण झोपलोच नव्हतो, असं त्याचं म्हणणं. बस आणखी थोडी सरकली आणि वळणावर येऊन थांबली. बरोब्बर ऑगस्टाबाईंच्या फाटकासमोर.

मी ओशाळलो. त्या दिवशी गुरुवार नव्हता. पण बाहेर थांबलो असतो तर सगळे गोठून मेलो असतो, तेव्हा मीच पुढे होऊन दार वाजवलं. बाईंनी दार उघडलं, माझ्यामागची ती अर्धवट झोपेतली मिरवणूक पाहिली आणि म्हणाल्या, "मायरॉन, एवढे सगळे? आणि सुरात आहेत ना?" मग त्या बाजूला झाल्या आणि आम्ही सगळे बूट झटकत आत शिरलो.

बसमध्ये एक बारीकशी वायर होती, बॅटरी गारठू नये म्हणून घरातल्या विजेवर लावायची. बाईंच्या अंगणात यजमान हिवाळ्यात आपला ट्रक गोठू नये म्हणून ज्याला जोडून ठेवत, तो प्लग अजून आहे. रोझलीने ती वायर त्यात खुपसली. घरातले दिवे एकदम पिवळे पडले, फ्रिजने उसासा टाकला. क्लिफने विचारलं, "चार्ज होतेय का?" रोझली म्हणाली, "होतेय की. या हिशेबाने ईस्टरला निघू." मग कार्यालयाला फोन करून ओढून नेणारी गाडी मागवली आणि आम्ही वाट पाहत बसलो. तळ्यातल्या माशांचं सूप आलं, कॉफी आली, केक आला. त्या पिवळट उजेडात सगळ्यांच्या अंगातली झोप अजून उतरली नव्हती. बाहेर नदीवर दुपार निळी होत चालली होती. परकी माणसं शेजारी शेजारी बसून काही न बोलता सूप पीत होती आणि कुणालाच कुठे जायची घाई नव्हती.

क्लिफला पोल्का वाजवायची हुक्की आली. त्याने पियानोचं वरचं झाकण उघडलं आणि आतून एक पक्कड काढली, कोळ्यांची, जाळी दुरुस्त करायची. "ही इथे काय करतेय?" ऑगस्टाबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. माझ्या मात्र तेव्हाच लक्षात आलं. बिचाऱ्या, मला वरचेवर त्रास नको म्हणून स्वतःच तारा नीट करायला बघत असणार! मी त्यांना समजावून सांगितलं, की अहो, पकडीने त्या खुंट्या फिरवू नयेत, पियानो उलट उतरतो, मला बोलवत जा, संकोच करू नका. बाई म्हणाल्या, "हो का." रोझलीला एकदम बसकडे बघून यायचं सुचलं, आणि ती अंगणात गेल्यावर बराच वेळ तिचं हसू ऐकू येत होतं. मुलगी स्वभावाने आनंदी आहे.

आणि इथे डॉक्टर लावालेंनी कमाल केली. सुपाची वाटी हातात धरून ते त्या मरगळलेल्या बसकडे पाहत होते. म्हणाले, "आपण हिला सकाळी एकदाच पोटभर जेवू घालतो आणि दिवसभर राबवतो. तसं कशाला? शेवटच्या थांब्यावर हिने थोडं खावं ना, आपण खातोय तसं. एक विजेचा खांब, त्यावरून खाली येणारा चार्जिंगचा एक हात. आपली कॉफी होईपर्यंत हिचंही झालं." मग ते बेव्हर्लीबाईंकडे वळले. "म्हणजे शेपूट तोडायचं नाही. शेपटालाच तोंड लावायचं." बेव्हर्लीबाईंनी नकाशा उलगडला, बराच वेळ पाहिला, आणि त्या वळणावर या वेळी हात न ठेवता बोट ठेवलं. अडचण एकच होती, की खांब उभा करायला सोयीची जागा ऑगस्टाबाईंच्या अंगणात येत होती.

बेव्हर्लीबाईंनी अडखळत विचारलं. ऑगस्टाबाईंनी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, "खांब खुशाल उभा करा. पण बस थांबणार म्हणजे माणसं थांबणार, आणि या थंडीत मी कुणाला बाहेर उभं राहू देणार नाही. दार उघडायचं, कॉफी ठेवायची, बस निघताना झोपलेल्यांना उठवायचं. मला एकटीला नाही जमायचं ते. घरात आणखी एक माणूस लागेल." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, मुद्दा अगदी व्यवहार्य आहे, मी स्वतः तो अहवालात घालतो, की महापालिकेने इथे एक योग्य मदतनीस नेमावा, शक्यतो जवळपास राहणारा. बेव्हर्लीबाईंनी ते लिहून घेतलं नाही. क्लिफने दोन्ही हात आणि वर डोकं असं सगळं पियानोच्या पट्ट्यांवर टाकलं. त्यातून जो आवाज निघाला त्यावरून मला कळलं, की या महिन्यात तो पुन्हा उतरला आहे. तेवढ्यात ओढून नेणारी गाडी आली, डिझेलची, धडधडत, आणि क्लिफ तिच्या बॉनेटवर नातेवाइकाच्या पाठीवर थाप मारावी तशी थाप मारून वर चढला.

समितीच्या शेवटच्या बैठकीत मला बोलायला सांगितलं. मी काय बोललो ते धड आठवत नाही. त्या बसमधलं ते ऐकू येणं मला हवं होतं, आणि रेड विलोला जायलाही हवं होतं. एकाच्या बदल्यात दुसरं द्यावं लागलं असतं तर मी काय केलं असतं, या विचाराने मला बरेच दिवस जेवण गेलं नव्हतं. तेवढं मात्र मी सांगितलं: हीच बस घ्या, पण शेवटपर्यंत न्या, निम्म्यात सोडणार असाल तर माझं मत डिझेलला, किंचाळू दे ब्रेक. क्लिफ म्हणाला, डिझेलला मत मिळतंय पण मला ते घ्यावंसं वाटत नाही, आणि त्यानेही बॅटरीला हात वर केला. एकमताने ठरलं. बाहेर आलो तर हलका बर्फ पडत होता, आणि मी पुष्कळ वेळ थांब्यावर उगाचच उभा राहून बस सोडून देत होतो.

बाकी सगळं ठीक. दाजींना जप. नातवंडांना माझे पापे. गुडघ्यांना तेल लावत जा, आळस करू नकोस.

तुझा धाकटा,
मायरॉन

ता. क. हे पत्र टाकायचं राहून गेलं. काल क्लिफने मला त्याच्या ट्रकमधून घरी सोडलं. वाटेत तो सिग्नलला थांबला आणि म्हणाला, "अरे बावळटा, बायका नोकरीची जाहिरात अशी देत नसतात." मी विचारलं, कोणत्या बायका? त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला. मग मला कळलं. मी तिथेच उतरलो आणि चौदा नंबर पकडली. गुरुवार नव्हता, हत्यारांची बॅगही नव्हती. दार उघडून तिने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "बॅग कुठाय?" मी म्हटलं, आज काम नाही. "मग?" मी म्हटलं, ते आपलं, घरात आणखी एक माणूस. "महापालिकेने नेमला का?" म्हटलं, नाही, मी आपला स्वतःच आलो. ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "आत ये, मायरॉन. दार लाव, थंडी येतेय." ये म्हणाली, ताई. या नाही.

ता. क. २. तेव्हा खरं सांगायचं ते असं, की आपल्याकडच्या लग्नाचा तो मोठा गोल पाव, वर कणकेचे पक्षी बसवलेला, आईनंतर तुझ्याशिवाय कुणाला येत नाही. मी ऑगस्टाला तो कबूल करून बसलो आहे. कणीक मळायला सात बायका लागतात ना? रोझली, बेव्हर्लीबाई, पान्कोबाई आणि क्लिफची बायको तयार आहेत. क्लिफही म्हणतो येतो, पण त्याला घेता येणार नाही. जूनमध्ये ये. तुझ्याशिवाय पक्षी बसायचे नाहीत.

ता. क. ३. पाकीट बंद करता करता बातमी आली. महापालिकेने आमचा अहवाल वाखाणला आणि निर्णय पुढे ढकलला. कडाक्याच्या थंडीत बस कशी चालते याचा आणखी अभ्यास हवा म्हणे, त्यासाठी नवी समिती जुलैमध्ये बसेल. तोवर चौदा नंबरला जुनीच गाडी, सगळ्या मार्गावर. मी जरा खट्टू होऊन हे ऑगस्टाला सांगितलं. ती म्हणाली, खांब येईल तेव्हा येईल, थांब्यावर तीन माणसं उभी आहेत, जा, त्यांना आत बोलव.